अहवालातला स्फुरद, मुळापाशीचा स्फुरद

माती परीक्षणाच्या अहवालात नत्राच्या खाली एक ओळ असते : ‘उपलब्ध स्फुरद – १२ किलो प्रति हेक्टर’. ती वाचून शेतकरी सरळ हिशेब मांडतो. हेक्टरी अडीच टन धान्य देणारी ज्वारी दाणे आणि कडबा मिळून साधारण दहा-बारा किलो स्फुरद उचलते. जमिनीत बारा किलो आहे, म्हणजे यंदाचे भागले. कृषी सहायक त्याच ओळीवर बोट ठेवून सांगतो, ‘स्फुरद कमी आहे, डीएपी वाढवा.’ दोघांपैकी कोण बरोबर, हे निव्वळ त्या आकड्यावरून ठरत नाही. शेजारशेजारच्या दोन शेतांत हाच बारा आकडा निघू शकतो आणि तरी एका शेतात खताने पीक उठून दिसते, तर दुसऱ्यात टाकलेले आणि न टाकलेले तास ओळखू येत नाहीत.

या आकड्याच्या मागे सव्वाशे वर्षांहून जास्त काळाचे रसायनशास्त्र आहे आणि जगभरच्या शेतांतले हजारो प्रयोग आहेत. तो आकडा निघतो कसा, पीक किती स्फुरद उचलेल आणि उत्पादन किती वाढेल हे त्यावरून कितपत सांगता येते, आणि कुठे तो हात टेकतो, याचा हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. परीक्षणाच्या आकड्याला स्वतःची किंमत नसते. त्याच्या मागे त्या मातीत, त्या पिकावर घेतलेल्या शेतप्रयोगांची जेवढी ताकद असेल, तेवढीच त्याची किंमत.

आधी मापे पाहू. प्रयोगशाळा हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन २२ लाख ४० हजार किलो धरते. दर किलो मातीत सगळ्या रूपांतला मिळून ५०० मिलिग्रॅम स्फुरद असेल, तर त्या थरात तो ११०० किलोंहून जास्त भरतो. म्हणजे शंभर ज्वारीच्या पिकांना पुरेल इतका. आता त्याच थरातल्या ओलाव्याकडे पाहा. मातीच्या आकारमानाच्या ३० टक्के पाणी असेल, तर ते साडेचार लाख लिटर होते. त्यात विरघळलेला स्फुरद लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम धरला, तर सगळ्या हेक्टरात मिळून जेमतेम २२ ग्रॅम भरतो. मुळे मात्र स्फुरद याच पाण्यातून घेतात. हंगामात दहा किलो उचलायचा असेल, तर हे २२ ग्रॅम साडेचारशे वेळा संपून पुन्हा भरले पाहिजेत. अकराशे किलो आणि बावीस ग्रॅम यांच्या मध्ये कुठेतरी अहवालातले बारा किलो येतात. ते गोदामातला साठा दाखवत नाहीत आणि पाण्यातले प्रमाणही दाखवत नाहीत. ठरावीक द्रावण ठरावीक वेळ मातीत ढवळले, तर जेवढा स्फुरद सुटून येतो तेवढा तो आकडा. त्यापुढे ‘किलो प्रति हेक्टर’ छापल्यामुळे तो वजनकाट्यावर मोजल्यासारखा वाटतो, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते.

विहिरीचा विचार केला तर गोष्ट सोपी होते. पाण्याची पातळी, विहिरीतला एकूण साठा आणि उपसा सुरू असताना झऱ्यांतून परत येणारे पाणी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मातीतल्या पाण्यातले स्फुरदाचे प्रमाण ही पातळी, मातीच्या कणांवर सैल धरलेला स्फुरद हा साठा, आणि मुळांनी उचलल्यावर ते प्रमाण टिकवून धरण्याची मातीची क्षमता म्हणजे झरे. रेताड जमिनीत पातळी वर दिसेल पण झरे आटलेले असतील. चिकणमाती जास्त असलेल्या काळ्या जमिनीत पातळी खाली असूनही उपसा दिवसभर चालू राहील. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आर. के. स्कोफिल्ड यांनी १९५५ मध्ये, उपलब्ध स्फुरदाला काही नेमका अर्थ देता येईल का, असा रोखठोक प्रश्न विचारला होता. त्यांच्यानंतरचे निम्मे मृदाशास्त्र याच तीन गोष्टी वेगळ्या करून मोजण्यात खर्ची पडले आहे.

आणखी एक अडचण आहे ती स्फुरदाच्या चालीची. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येते. स्फुरद कणांना चिकटत, सुटत, पुन्हा चिकटत सरकतो आणि सगळ्या हंगामात मिलिमीटरभर किंवा थोडा जास्त अंतर कापतो. त्यामुळे मुळालाच स्फुरदाकडे जावे लागते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातील स्टॅन्ली बार्बर यांनी मुळे अन्नद्रव्य कसे घेतात याचे गणिती प्रारूप मांडले. त्यांनी आणि सिल्बरबुश यांनी १९८३ मध्ये सोयाबीनच्या आकड्यांवर ते तपासले, तेव्हा स्फुरदाच्या शोषणावर सर्वांत जास्त परिणाम मुळांच्या वाढीचा वेग आणि मुळांची जाडी यांचा दिसला. मातीतल्या पाण्यातले स्फुरदाचे प्रमाण त्यानंतर आले. म्हणजे प्रयोगशाळा ज्या बाजूला मोजमाप करते, तिच्या पलीकडे प्रश्नाचा मोठा भाग उरतो.

मग ही मोजमापे आली कुठून? सुरुवात वनस्पतींकडे पाहूनच झाली. बर्नार्ड डायर यांनी १८९४ मध्ये बऱ्याच वनस्पतींच्या मुळांच्या रसाची आम्लता मोजली, तेवढ्याच ताकदीचे एक टक्का सायट्रिक आम्लाचे द्रावण घेतले आणि रोथॅमस्टेडच्या हूसफील्डमधल्या बार्लीच्या जुन्या प्लॉटांची माती त्यात ढवळली. ज्या प्लॉटांना वर्षानुवर्षे स्फुरद मिळाला होता ते या द्रावणात स्पष्ट वेगळे पडले. मुळाची नक्कल बाटलीत करायची ही कल्पना मोहक होती, पण ती फार दूर गेली नाही. चुनखडीच्या जमिनीत आम्ल चुनखडीशीच झुंजून संपते. १९३० मध्ये ट्रूओग यांनी अतिशय सौम्य गंधकाम्ल वापरले. १९४५ मध्ये इलिनॉयच्या ब्रे आणि कुर्ट्झ यांनी आम्लात अमोनियम फ्लोराइड मिसळले. फ्लोराइड ॲल्युमिनियमला पकडते आणि त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा होतो. १९५४ मध्ये स्टर्लिंग ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडील चुनखडीयुक्त जमिनींसाठी सोडियम बायकार्बोनेटचे ८.५ सामूचे द्रावण आणले. त्यातले बायकार्बोनेट कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात खाली बसवते, आणि कॅल्शियमने बांधलेला स्फुरद सुटतो. मेलिच यांची १९५३ आणि १९८४ ची द्रावणे अमेरिकेत आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.

महाराष्ट्राला हा इतिहास दूरचा नाही, कारण इथे दोन टोकांच्या जमिनी आहेत. दख्खनच्या पठारावरची काळी माती विम्लधर्मी आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहे. तिथे ओल्सेनची पद्धत बसते. सह्याद्री उतरून कोकणात गेले की जांभ्याची तांबडी आम्लधर्मी माती लागते. तिथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी आवळलेला असतो आणि ब्रेची पद्धत जास्त बोलकी ठरते. अदलाबदल केली की फसगत होते. काळ्या मातीत ब्रेचे द्रावण टाकले तर चुनखडी त्यातले आम्ल मारते आणि फ्लोराइडही कॅल्शियमबरोबर अडकून पडते. स्फुरद असूनही आकडा खाली येतो. उलट तीव्र आम्ल वापरले, तर मुळांना कधी न मिळणारा खडकातला कॅल्शियम फॉस्फेटही विरघळतो आणि आकडा फुगतो. रॉक फॉस्फेट टाकलेल्या शेतात हा धोका विशेष. म्हणून ज्या अहवालावर पद्धतीचे नाव नाही, त्यातला स्फुरदाचा आकडा मी वाचू नका असेच म्हणेन.

प्रयोगशाळेच्या टेबलावर हे काम कसे चालते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. सावलीत वाळवलेली, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेली अडीच ग्रॅम माती बाटलीत घेतात. त्यात चिमूटभर डार्को जी-६० हा कोळसा आणि पन्नास मिलिलिटर ओल्सेन द्रावण घालतात. बाटली शेकरवर बरोबर तीस मिनिटे हलवतात आणि गाळतात. कोळसा हवा, कारण बायकार्बोनेट मातीतला ह्यूमसही विरघळवते आणि द्रावण चहासारखे तपकिरी होते. तो रंग राहिला तर पुढचा निळा रंग वाचता येत नाही. पण कोळशात स्वतःचा स्फुरद असू शकतो. तो आधी धुऊन घेतला नाही, तर गावातल्या सगळ्याच नमुन्यांचा आकडा वर सरकतो. गाळलेल्या द्रावणातले पाच मिलिलिटर पंचवीसच्या फ्लास्कमध्ये घेऊन त्यात थेंब थेंब गंधकाम्ल सोडतात. बायकार्बोनेट फसफसते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचे मिश्रण घातले की हळूहळू निळा रंग चढतो. स्फुरद जितका जास्त, तितका निळा गडद. मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये समुद्राच्या पाण्यासाठी बसवलेली ही रंगपद्धत आज जगभरच्या माती प्रयोगशाळांत चालते.

या साखळीत चुकायला जागा पुष्कळ आहेत. फॉस्फेटयुक्त साबणाने धुतलेली काचेची भांडी, जुने झालेले बायकार्बोनेट (हवा लागून त्याचा सामू चढत जातो), तीसऐवजी चाळीस मिनिटे चाललेला शेकर. पण मला सगळ्यांत गंभीर वाटते ते तापमान. ओल्सेन यांनी स्वतःच दाखवले होते की, २० ते ३० अंश सेल्सियसच्या दरम्यान दर अंशामागे आकडा मातीच्या किलोमागे ०.४३ मिलिग्रॅमने वाढतो. हेक्टरी किलोत हे जवळजवळ एक किलो होते. महाराष्ट्रात स्फुरदाचे वर्ग सात-सात किलोंच्या टप्प्यांनी पाडलेले आहेत : सातच्या खाली अत्यंत कमी, चौदापर्यंत कमी, एकवीसपर्यंत मध्यम, अठ्ठावीसपर्यंत थोडे जास्त, पस्तीसपर्यंत जास्त आणि त्यापुढे अत्यंत जास्त. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी वीस अंशांत आणि मार्चच्या दुपारी अठ्ठावीस अंशांत तपासलेली एकच माती दोन वेगळ्या वर्गांत पडू शकते. शेकर ठेवलेल्या खोलीचे तापमान कायम राखणे आणि प्रत्येक तुकडीबरोबर ठाऊक असलेला एक नमुना तपासणे, यासाठी लागणारा खर्च नव्या यंत्रांच्या मानाने अगदीच थोडा आहे.

एककांचाही घोळ आहे. खताच्या पोत्यावर आणि शिफारशीत स्फुरद ऑक्साइडच्या रूपात मोजतात. पन्नास किलोंच्या डीएपीच्या पोत्यात तो तेवीस किलो असतो, पण मूळ स्फुरद म्हणून तो दहा किलोच भरतो. एकातून दुसऱ्यात जायला २.२९ ने गुणावे किंवा भागावे लागते. अहवालात कोणते रूप आहे हे लिहिले नसेल, तर दुपटीहून जास्त चूक होते. आणि मुरमाड हलक्या जमिनीत १५ सेंटिमीटरचा निम्मा थर खडेच असतात. परीक्षण चाळलेल्या मातीचे होते, पण हिशेब मात्र पूर्ण २२ लाख ४० हजार किलो मातीचा धरला जातो. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याच्या अहवालात त्यामुळे जमिनीत नसलेला स्फुरद छापून येतो.

नमुना घेण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नागमोडी चाल, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा आणि चार भाग करून अर्धा किलो माती उरवणे हे बहुतेकांना ठाऊक आहे. स्फुरद जागचा हलत नसल्याने खताच्या ओळीत तो बऱ्याच पटीने जास्त असतो. नमुन्यात ओळीतली माती किती आली यावर आकडा झुलतो. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगढ येथे सुरू झाली. तिच्यात बागायतीत अडीच हेक्टरांना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक नमुना ठरला. सामूसाठी हे चालून जाईल. स्फुरदासाठी चालत नाही, कारण तो त्या-त्या शेतकऱ्याने आजवर किती पोती टाकली यावर ठरतो, आणि बांधाच्या पलीकडच्या माणसाने किती टाकली ते नमुना सांगत नाही. वर्षानुवर्षे डीएपी आणि १०:२६:२६ पडलेल्या उसाच्या किंवा कांद्याच्या रानाशेजारीच कधी खत न पाहिलेले माळरान असते.

आकडा नीट निघाला असे धरू. आता खरा प्रश्न : त्यावरून पिकाचे भाकीत कसे करायचे? यात दोन टप्पे आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिल्या टप्प्यात कुंड्यांत निरनिराळ्या माती घेऊन, परीक्षणाचा आकडा आणि रोपाने उचललेला स्फुरद यांचा मेळ बसतो का ते बघतात. हा मेळ बहुतेक पद्धतींत बरा बसतो, कारण कुंडीत मुळे सगळ्या मातीत पसरतात आणि पाण्याची कमतरता नसते. दुसरा टप्पा शेतातला. अनेक गावांत, अनेक वर्षे, खत दिलेले आणि न दिलेले प्लॉट घ्यायचे, खत न दिलेल्याचे उत्पादन पूर्ण उत्पादनाच्या किती टक्के आले ते काढायचे आणि परीक्षणाच्या आकड्यासमोर मांडायचे. १९६५ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील केट आणि नेल्सन यांनी या ठिपक्यांवर पारदर्शक कागदावरची एक फुली सरकवून, बहुसंख्य ठिपके दोनच चौकटींत पडतील अशी जागा शोधायची सोपी रीत दिली. ती जागा म्हणजे निर्णायक पातळी. तिच्या खाली खताला प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त, वर कमी. या दुसऱ्या टप्प्यावाचून पहिल्याला शेतकऱ्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही, आणि हा टप्पा महागडा, वेळखाऊ आणि शोधनिबंधांसाठी फारसा आकर्षक नसल्याने तोच सगळीकडे मागे पडतो.

निर्णायक पातळी जमिनीगणिक किती बदलते याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळचे आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या आवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी आहेत. तिथे के. एल. सहरावत आणि सहकाऱ्यांनी कोरडवाहू ज्वारीवर प्रयोग घेतले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. पूर्ण उत्पादनाच्या ९० टक्के मिळवायला तांबड्या मातीत ओल्सेनचा आकडा किलोमागे ५ मिलिग्रॅम लागला, काळ्या मातीत २.८ पुरला. हेक्टरी किलोत हे अनुक्रमे ११ आणि सव्वासहा होतात. आपल्याकडे देशपातळीवर दहाच्या खाली ‘कमी’ आणि पंचवीसच्या वर ‘जास्त’ ही विभागणी प्रचलित आहे. म्हणजे हेक्टरी आठ किलो आकडा आलेली काळी जमीन अहवालात ‘कमी’ म्हणून लाल होते, आणि त्याच वेळी पाटनचेरूच्या हिशेबाने ज्वारीला तिथे स्फुरदाची मोठी गरज नसते. बागायती कांद्याचे किंवा बटाट्याचे तसे नाही. त्यांची मुळे आखूड, हंगाम छोटा आणि भूक मोठी. एकच रेघ ज्वारीलाही आणि कांद्यालाही लावणे हे शास्त्र नव्हे.

पीक बदलले की प्रश्नच कसा बदलतो, हे इक्रिसॅटमध्येच नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीवर दाखवले. त्यांचे काम १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. तांबड्या मातीत स्फुरद मुख्यतः लोहाशी बांधलेला असतो आणि ज्वारीसारखी पिके तिथे उपाशी राहतात. तुरीची मुळे मात्र पिसिडिक आम्ल आणि त्याची काही रूपे सोडतात. ती लोहाला पकडतात आणि स्फुरद मोकळा होतो. हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्ल सोडतात, ते काळ्या जमिनीतल्या कॅल्शियम फॉस्फेटवर काम करते. आपले लोक तूर आणि ज्वारी मिसळून पेरत आले त्यामागे अन्नधान्याची, चाऱ्याची आणि पावसाच्या जोखमीची कारणे होती. त्याच्या जोडीला स्फुरदाचे हे कारणही आता प्रयोगाने सिद्ध आहे. बाटलीतल्या बायकार्बोनेटला शेतात तूर उभी राहणार आहे की ज्वारी, हे कळण्याचा मार्ग नाही.

आता रोथॅमस्टेडचाच ॲग्डेल नावाचा प्रयोग पाहू. या विषयावर वाचलेल्या सगळ्या आकड्यांत मला हे सर्वांत बोलके वाटतात. तिथे एकाच शेतात सेंद्रिय पदार्थ १.५ टक्के असलेले आणि २.४ टक्के असलेले प्लॉट होते, आणि दोन्हींत ओल्सेन स्फुरदाच्या निरनिराळ्या पातळ्या तयार केल्या होत्या. उन्हाळी बार्लीला पूर्ण उत्पादनाच्या ९५ टक्के मिळवायला जास्त सेंद्रिय पदार्थाच्या मातीत किलोमागे १६ मिलिग्रॅम पुरले, कमी असलेल्या मातीत ४५ लागले. बटाट्याला १७ आणि ६१. मग हीच माती कुंड्यांत भरून, नीट भुसभुशीत करून तिच्यात रायगवत लावले. तेव्हा लागलेल्या पातळ्या २३ आणि २५, म्हणजे जवळजवळ सारख्या निघाल्या. स्फुरदाचे रसायन दोन्हीकडे एकच होते. फरक होता तो ढेकळांचा, पोकळीचा, मुळांना वाट मिळण्याचा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. तिथे अहवालातला ‘कमी स्फुरद’ वाचून पोत्यांची संख्या वाढवण्याआधी शेणखत, पाचट आणि ट्रॅक्टरने दाबून गेलेला थर यांचा विचार व्हायला हवा, हे या प्रयोगातून थेट निघते.

रब्बीची गोष्ट आणखी वेगळी. सोलापूरकडच्या भारी काळ्या रानात मालदांडी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढते. पेरणीनंतर वरचा थर वाळत जातो आणि मुळे ओल शोधत खाली जातात. स्फुरद मात्र वरच्या कोरड्या वितभर थरात राहतो, आणि परीक्षणही त्याच थराचे होते. कोरड्या मातीतून स्फुरद सरकत नाही. आकडा चांगला असूनही पीक उपाशी राहण्याचे हे साधे कारण. खत बियाण्याखाली ओलीत पडावे म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने पेरायची शिफारस आहे, ती नेमकी यासाठी. रब्बीच्या पट्ट्यात १५ ते ३० सेंटिमीटर थराचा नमुना वेगळा तपासून पाहण्याचे प्रयोग पिकागणिक व्हायला हवेत.

जगात इतरत्र या अडचणींवर दोन दिशांनी काम झाले. एक दिशा म्हणजे एका आकड्याला दुसरा जोडणे. ऑस्ट्रेलियात कोलवेल यांनी १९६३ मध्ये ओल्सेनचेच द्रावण जास्त प्रमाणात घेऊन सोळा तास हलवायची पद्धत काढली. त्याला पुढे मातीची स्फुरद धरून ठेवण्याची क्षमता दाखवणारा निर्देशांक जोडला. तिथल्या कुरणांसाठी हा निर्देशांक ३६ ते ७० असेल तर कोलवेलचा आकडा किलोमागे २९ मिलिग्रॅम पुरतो, आणि २८१ ते ८४० असेल तर ५५ लागतो. झऱ्यांची ताकद मोजून मग पातळी वाचायची, असा हा व्यवहार आहे. नेदरलँड्समध्येही गवत आणि मक्यासाठी सौम्य कॅल्शियम क्लोराइड आणि तीव्र अमोनियम लॅक्टेट अशी दोन द्रावणे एकत्र वाचतात.

दुसरी दिशा मुळाच्या वागण्याची नक्कल करण्याची. स्फुरद शोषून घेणारी रेझिनची गोळी किंवा पट्टी ओल्या मातीत ठेवायची, ही कल्पना १९५० च्या दशकातली. किरणोत्सारी स्फुरद-३२ मातीत मिसळून तो किती स्फुरदाशी अदलाबदल करतो हे मोजणारी लार्सन यांची १९५२ ची पद्धत आजही इतर पद्धती तपासायची कसोटी आहे. पण त्याचे अर्धायुष्य १४.३ दिवस आणि हाताळणी अवघड, त्यामुळे रोजच्या कामाला ती निरुपयोगी. अलीकडची म्हणजे डेव्हिसन आणि झँग यांनी १९९४ मध्ये मांडलेली पातळ जेलच्या चकतीची पद्धत. ओल्या मातीवर ठेवलेल्या चकतीत जेलच्या थरामागे लोहाचा ऑक्साइड असतो. तो स्फुरद ओढत राहतो आणि माती तो किती वेगाने पुरवते ते कळते. दक्षिण ऑस्ट्रेलियात मेसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गव्हाच्या शेतप्रयोगांत दाखवले की, खताला मिळणाऱ्या प्रतिसादातला सुमारे तीन-चतुर्थांश फरक या चकतीने समजतो आणि कोलवेलचा आकडा तिथे अगदी तोकडा पडतो. ही मोठी झेप आहे. तरी चकतीलाही निर्णायक पातळी लागतेच, आणि ती आपल्या काळ्या मातीत, आपल्या सोयाबीनवर आणि तुरीवर पुन्हा काढावी लागेल.

चांगली पद्धत असून भागत नाही याचा पुरावा युरोपात आहे. तिथल्या देशांच्या शिफारशींचा जॉर्डन-मेय आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आढावा घेतला. सारखी जमीन आणि सारखे पीक असतानाही निरनिराळ्या देशांनी सुचवलेल्या स्फुरदाच्या मात्रेत तिपटीहून जास्त अंतर निघाले. द्रावणे वेगळी, पण त्याहून जास्त फरक आकड्याचा अर्थ लावण्यातला. कोणी पिकाला पुरेल तेवढेच द्या म्हणतो, कोणी जमीन भरून ठेवा म्हणतो.

भारताने या बाबतीत चांगली वाट धरली होती. १९६७ मध्ये बी. राममूर्ती आणि सहकाऱ्यांनी सोनोरा-६४ गव्हावर ठरावीक उत्पादनाच्या उद्दिष्टासाठी खत काढायची रीत मांडली. त्याच सुमारास भारतीय कृषी संशोधन परिषदेचा माती परीक्षण आणि पीक प्रतिसाद यांचा अखिल भारतीय प्रकल्प उभा राहिला, ज्याचे राहुरीच्या कृषी विद्यापीठातही केंद्र आहे. त्यातली युक्ती हुशारीची आहे. दूरदूरच्या जमिनी घेण्याऐवजी एकाच शेताचे पट्टे पाडून, एका हंगामात खताच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन सुपीकतेचा चढ तयार करतात. मग पुढच्या हंगामात त्यावर पीक घेऊन तीन गोष्टी मोजतात : क्विंटलभर उत्पादनाला किती स्फुरद लागतो, जमिनीतल्या आकड्यातला किती टक्के पिकात येतो आणि खतातला किती टक्के. यातून निघणारे समीकरण शेतकऱ्याला त्याच्या उद्दिष्टाप्रमाणे मात्रा सांगते. ही समीकरणे त्या-त्या मातीपुरतीच खरी असतात, आणि वाण, ठिबक, पिकांचा क्रम बदलला की जुनी होतात. नव्या प्रयोगशाळा आणि फिरती किट यांच्यावरच्या खर्चाचा एक हिस्सा दरवर्षी तालुक्यातालुक्यांत असे पट्टे घालण्यावर गेला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. अमेरिकेतले आयोवा राज्य आपल्या वर्गांबरोबर शक्यताही छापते. ‘अत्यंत कमी’ वर्गात खताला प्रतिसाद मिळण्याची शक्यता ९५ टक्के, ‘जास्त’मध्ये पाच-सहा टक्केच. शेतकऱ्याला ‘मध्यम’ या शब्दापेक्षा ही भाषा जास्त उपयोगी आहे, कारण तो दर हंगामात पैशाची जोखीम घेतच असतो.

तोवर स्वतःच्या रानात एक पट्टा सोडणे कोणालाही शक्य आहे. पेरताना आठ-दहा तासांपुरते खताचे चाडे बंद ठेवायचे, आणि हे शेताच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी करायचे. डीएपी बंद केले की त्यातला नत्रही जातो, म्हणून दर पोत्याच्या हिशेबाने सुमारे साडेएकोणीस किलो युरिया त्या तासांना द्यायचा, नाहीतर नत्राचा फरक स्फुरदाच्या नावावर खपेल. काढणीला बांधापासून आत, सोडलेल्या आणि शेजारच्या तासांतून सारख्या लांबीचे तीन-तीन तुकडे वेगळे कापून, झोडून, वाळवून तोलायचे. एकाच पट्ट्यातल्या तुकड्यांमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून पट्ट्यापट्ट्यांतला फरक मोठा नसेल, तर पुढच्या हंगामात बाकीच्या शेतात स्फुरदाची मात्रा निम्मी करायची, तोच पट्टा पुन्हा सोडायचा आणि तिसऱ्या वर्षी दोन्हीकडची माती एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तपासून घ्यायची.